हळदीची नोंद रद्द होणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
नोंद-दुरुस्ती कक्ष,
नवजात बालक कावीळ-तपासणी संगणक प्रकल्प,
कार्ल्सरूहे.

अर्जदार : राजाराम यशवंत माहुलीकर, निवृत्त अव्वल कारकून, मूळ राहणार सातारा, सध्या मुक्काम वाल्डॉर्फ, मुलाकडे.

विषय : अर्जदाराची नात कु. स्पृहा उत्कर्ष माहुलीकर हिच्या सहाव्या दिवसाच्या तपासणीपुढे आपल्या संगणकात असलेली "हळद" ही नोंद रद्द करून तेथे "कावीळ" अशी नोंद होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे दि. ८ डिसेंबरचे बिनसहीचे पत्र.

महोदय किंवा महोदया,

आपल्या पत्राखाली सही नव्हती, त्यामुळे या दोहोंपैकी काय लिहावे ते कळले नाही. चूक झाल्यास क्षमा असावी. पत्राच्या तळाशी "हे पत्र यंत्राने तयार केले असून सहीशिवाय ग्राह्य आहे" असे छापलेले होते. अर्जदाराच्या कचेरीत बिनसहीचा कागद शिपाईसुद्धा टपालात घेत नसे. देश बदलला की रीत बदलते, हे मान्य. परंतु ज्या पत्राने घरातल्या एका बाईचे जेवण तुटले, ते पत्र मुळी कोणी लिहिलेलेच नाही, ही गोष्ट अर्जदारास अजून पचलेली नाही.

१. अर्जदाराने सातारा जिल्ह्यातील तहसील कचेरीत चौतीस वर्षे नोकरी केली, ती सगळी अर्ज घेणाऱ्या बाजूच्या खुर्चीत बसून. टेबलासमोर उभे राहून खुर्चीतल्या माणसाच्या वाकलेल्या मानेकडे पाहत राहणे म्हणजे काय, हे त्याला या वयात आणि परमुलखात कळले. सुपातले जात्यात आले, दुसरे काय. सदर अर्ज मराठीत आहे. इथल्या कारभाराची भाषा जर्मन आहे व परभाषेतला अर्ज परत पाठवण्याचा आपणांस अधिकार आहे, हे तो जाणतो. म्हणून सुनेने केलेले जर्मन भाषांतर सोबत जोडले आहे. तरी मूळ मराठी प्रत फेकून देऊ नये. ती मराठीत का लिहिली, हे पुढे येईलच.

२. अर्जदाराचा मुलगा उत्कर्ष वाल्डॉर्फ येथे एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सून मैत्रेयी आकडेवारीच्या, म्हणजे हल्लीच्या बोलीत डेटाच्या, कामात आहे. गेल्या मे महिन्यात त्यांना मुलगी झाली, तीच ही स्पृहा. बाळंतपणासाठी अर्जदार व त्याची पत्नी सौ. प्रभा साताऱ्याहून आले. प्रभाने येताना डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि सांगलीची हळद आणली. विमानतळावर त्या पिवळ्या पुडीवरून एका तरुण अधिकाऱ्याने अडवले, तेव्हा ती त्याला चक्क मराठीत म्हणाली, "बाबा रे, बाळाच्या अंगाला लावायची आहे. वास घेऊन बघ हवं तर." त्याने खरोखरच वास घेतला आणि हसून जाऊ दिले. या देशात त्या हळदीची समक्ष चौकशी करणारा तो पहिला आणि शेवटचा अधिकारी होय.

३. आपल्या प्रकल्पात बाळाचे नाव घालण्याचा आग्रह मैत्रेयीचा होता. सावळ्या कातडीच्या बाळांची कावीळ डोळ्यांना उशिरा दिसते आणि गोऱ्या बाळांवर शिकलेल्या यंत्रांनाही दिसत नाही. ही विषमता दूर व्हावी म्हणून सगळ्या रंगांच्या बाळांचे फोटो गोळा करून नवे यंत्र शिकवायचे, असा हा प्रकल्प आहे. तिचे त्या वेळचे शब्द अर्जदारास पाठ आहेत. "बाबा, आल्झो, म्हणजे, आपली बाळं डेटात गेलीच नाहीत, तर त्या मशीनला आपली कावीळ दिसणार कशी?" प्रकल्पाचा हेतू सोन्यासारखा होता. अर्जदार त्याला आजही नावे ठेवत नाही. नाव घालताना आपण वंश विचारला नाही. या देशात तो कोणाचाच लिहून घेत नाहीत. एके काळी इथे तशा याद्या झाल्या आणि त्या याद्यांवरून माणसे मारली गेली, म्हणून आता यादीच नको, असे उत्कर्षने समजावून सांगितले. त्यापुढे अर्जदाराने मान लववली व अजूनही लववतो. आपण विचारली ती बाळाच्या त्वचेची छटा आणि आईची मातृभाषा. मातृभाषा कशासाठी, तर गरज पडल्यास दुभाषा देता यावा म्हणून. मैत्रेयीला जर्मन उत्तम येते. तरी खरे ते लिहावे म्हणून तिने "मराठी" लिहिले, आणि थोडे कौतुकानेही लिहिले असावे.

४. स्पृहा चौथ्या दिवशी इस्पितळातून घरी आली. त्याच सकाळी प्रभाने तिला न्हाऊ घातले. आधी तेल, मग डाळीचे पीठ, साय आणि चिमूटभर हळद. चिमूटभर हे प्रभाचे म्हणणे. अर्जदाराने पाहिले तेव्हा नात उद्या बोहल्यावर चढायची असल्यासारखी पिवळीधमक होती. आमच्या आळीतली निम्मी बाळे याच हातांनी न्हाली व धडधाकट वाढली. दुपारी सुईण आली. इथे तिला हेबामे म्हणतात. बाळंतिणीच्या घरी येऊन ती आईची नि बाळाची विचारपूस करते. आमच्या वाट्याला आलेल्या फ्राऊ ब्रेंडले या मोठ्या हसऱ्या, गुडघेदुखीने बेजार असलेल्या बाई. त्यांनी आपल्या प्रकल्पाच्या यंत्राने बाळाच्या छातीचा फोटो काढला आणि तांबडा दिवा लागला. एकच धावपळ झाली. इस्पितळात टाचेतून रक्त काढले, तर कावीळ नाममात्र. डॉक्टरांनी ओल्या कापसाने बाळाचा खांदा पुसला, कापूस पिवळा झाला आणि सगळे हसले. प्रभाही हसली. गाडीत उत्कर्ष तिला म्हणाला, "आई, प्लीज, हे सगळं आता बंद कर." आपल्या संगणकात त्या दिवसापुढे "कारण: हळद. खोटा इशारा" अशी नोंद झाली. ती नोंद खरी आहे. ती बदलावी असे अर्जदाराचे म्हणणे नाही.

५. प्रभाने त्याच संध्याकाळी बाळाला साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा धुतले. काखा, मानेच्या वळ्या, मांडीच्या घड्या, सगळे. हळदीची पुडी बांधून कपाटाच्या वरच्या खणात टाकली. फोडणीत हळद घातली की ती आपल्या बोटांना लागेल आणि बोटांची बाळाला लागेल, म्हणून स्वयंपाकातही हळद बंद केली. पुढचे सगळे दिवस आम्ही पांढरे वरण आणि पांढरी बटाट्याची भाजी जेवलो. या गोष्टीला चार माणसे साक्षीदार आहेत. मराठी घरात हळदीवाचून स्वयंपाक होणे ही किती मोठी घटना आहे, हे आपणांस कोणा मराठी माणसाला विचारून पाहता येईल.

६. सहाव्या दिवशी आमच्याकडे सटवाई पुजतात. पाटावर दिवा, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहून जाते, अशी समजूत आहे. अर्जदाराचा यावर विश्वास नाही, पण प्रभाचा आहे, आणि उत्कर्षच्या वेळीही तिने हे केले होते. त्या सकाळी पूजेची तयारी करताना तिने बाळाला खिडकीशी नेले आणि तिला बाळाच्या डोळ्यांतले पांढरे पिवळसर दिसले. ती सुनेला म्हणाली, "अगं, हळद काही डोळ्यांत घालत नाहीत." फ्राऊ ब्रेंडले आल्यावर मैत्रेयीने हे जसेच्या तसे जर्मनमध्ये सांगितले. चौथ्या दिवसानंतर अंगाला हळद लागलेली नाही, हेही सांगितले. बाईंनी फोटो काढला. हिरवा दिवा लागला आणि खाली अक्षरे उमटली, की पिवळेपणा हळदीमुळे असण्याचा संभव आहे, रक्ततपासणीची गरज नाही, पुढील तपासणी आठवड्याने. आज हळद नाही असे लिहायला बाईंनी जागा शोधली. जागा नव्हती. कारणाचा रकाना यंत्राने आपला आपण भरला होता. बाई म्हणाल्या, डाग बरेच दिवस राहतो म्हणे. उत्कर्ष म्हणाला, "गेनाऊ! बरोबर. ग्रीन आहे ना, आई. मशीनला आपल्यापेक्षा जास्त दिसतं." मैत्रेयीने बाळाला परत दुपट्यात गुंडाळले. ज्या यंत्राला आपल्या बाळांची ओळख व्हावी म्हणून तिने एवढा आग्रह धरला होता, त्यावर पहिल्या आठवड्यातच अविश्वास दाखवणे तिला जमले नसावे. प्रभाने पाट मांडला, दिवा लावला आणि कोरा कागद ठेवला.

७. पुढचे दोन दिवस जो येईल तो बाळाचे कौतुक करीत होता. किती शांत, किती झोपते, आईला मुळीच त्रास नाही. शांत नव्हती ती. ती जागी होऊ शकत नव्हती. आठव्या दिवशी तिने दूध ओढणे सोडले, पाठ मागे ताणू लागली, आणि रडली ती इतक्या बारीक, चिरक्या आवाजात, की प्रभा हातातले भांडे टाकून धावली. इस्पितळात तिला निळ्या दिव्यांखाली ठेवले आणि अंगातले रक्त बदलले. पोर जगली. त्या डॉक्टरांचे उपकार हे कुटुंब जन्मात विसरणार नाही.

८. पोर जगली, पण तिला ऐकू येत नाही. काविळीचे विष मेंदूपर्यंत पोचले आणि ऐकण्याची वाट तेवढी जाळून गेले, असे कानाच्या डॉक्टरांनी समजावले. अर्जदाराने मात्र बरेच दिवस ते मानले नव्हते. तो तिच्या मागे उभा राहून काठी आपटी आणि ती वळून बघे. त्याने घरभर सांगितले, फोनवरून साताऱ्यालाही सांगितले, की पोरीला ऐकू येते. मग मैत्रेयीने त्याला काठी गालिच्यावर आपटायला सांगितली. स्पृहा वळली नाही. इथली जमीन लाकडी आहे, ती थरथरते. कानात यंत्र बसवण्याविषयी डॉक्टर बोलत आहेत. बसवावे. अर्जदार यंत्रांच्या विरोधात आहे असा गैरसमज आपण करून घेऊ नये.

९. अर्जदाराने पहिला अर्ज केल्यावर आपल्या प्रकल्पातले एक तरुण शास्त्रज्ञ, डॉ. केलर, यांनी आम्हांस कार्ल्सरूहे येथे भेटीस बोलावले. माणूस सज्जन होता. त्याने सांगितले की, सुरुवातीला आमच्या लोकांच्या बाळांबाबत यंत्र वारंवार खोटा तांबडा दिवा लावी, दर वेळी हळद निघे, आणि त्यातून यंत्र शिकले. दुधाने तोंड भाजले, ते ताकही फुंकून प्यायला लागले, असा त्याचा मराठी अर्थ. त्यावर मैत्रेयीने विचारले, आमचा वंश तर तुम्ही लिहून घेतला नव्हता, मग आमचे लोक कोण हे यंत्राला कळले कसे? तो संगणकाकडे वळला. मैत्रेयी म्हणाली, सहाव्या दिवसाचा तोच फोटो परत घाला, दुसरे काही हलवू नका, फक्त मातृभाषा बदला. त्याने "मराठी" काढून "जर्मन" घातले. तांबडा दिवा लागला. त्याने परत "मराठी" घातले. हिरवा. परत "जर्मन". तांबडा. तो असे किती वेळ करीत राहिला असता कोण जाणे. शेवटी उत्कर्षने त्याच्या हातावर हात ठेवला. जो रकाना आम्हांला दुभाषा मिळावा म्हणून होता, त्यात पाहून यंत्राने आमच्या पोरीचे तोंड बंद केले. कावीळ झालेल्याला जग पिवळे दिसते असे म्हणतात. आपल्या यंत्राला समोर कावीळ असताना हळद दिसली. याउपर अर्जदारास तंत्रातले काही कळत नाही आणि कळून घेण्याची इच्छाही राहिलेली नाही.

१०. असे असता आपल्या ८ डिसेंबरच्या पत्रात तीन कारणे देऊन दुरुस्ती नाकारण्यात आली आहे. एक, डॉ. केलर यांनी दाखवलेला प्रयोग अधिकृत नव्हता, सबब तो विचारात घेता येत नाही. दोन, इस्पितळातील स्पृहाची कागदपत्रे वेगळ्या दप्तरात आहेत आणि तिच्याच गोपनीयतेच्या रक्षणासाठी ती दोन दप्तरे एकमेकांस दाखवता येत नाहीत. आईबापांनी दोनदा लेखी संमती दिली. परंतु प्रकल्पातले बाळ निनावी केलेले असल्यामुळे, संमती कोणत्या बाळाची हे कळत नाही. तीन, यंत्राने केलेली नोंद माणसाला बदलता येत नाही, कारण यंत्र तिच्यापासून शिकत असते. अर्जदाराने हे तिसरे कारण पुन्हा पुन्हा वाचले. सातबाऱ्यावर मेलेला माणूस जिवंत राहिल्याची प्रकरणे त्याने हाताळली आहेत, जिवंत माणूस मेल्याचीही हाताळली आहेत. आमच्याकडचा तलाठीही नोंद बदलण्यास तयार नसतो. पण नोंद चुकीची आहे म्हणूनच ती जपली पाहिजे, कारण पुढच्या नोंदी तिच्यावरून करायच्या आहेत, असे तोंडावर सांगण्याचे धैर्य आमच्या तालुक्यात कोणाला झाले नव्हते.

११. आपल्या वार्षिक अहवालात असे छापले आहे की, सावळ्या त्वचेच्या बालकांत खोटे इशारे झपाट्याने कमी झाले, विषमता घटली, आणि आमच्यासारख्या घरांतल्या एकाही बाळाची कावीळ नजरेतून सुटली नाही. या कामाबद्दल प्रकल्पाचा सत्कारही झाला. अभिनंदन. अर्जदाराची नात त्या अहवालात आहे. टळलेल्या खोट्या इशाऱ्यांत ती मोजली गेली आहे. आपल्या कागदावर ती निरोगी आहे, शांत आहे आणि ऐकतेही आहे. पी हळद आणि हो गोरी, असे आमच्याकडे उतावळ्या माणसाला म्हणतात. उतावळेपणा एक वेळ समजून घेता येतो, परंतु या आकड्यांचा अर्जदारास राग आहे आणि तो या अर्जात लपवण्याचे कारण त्याला दिसत नाही.

१२. मार्चपासून हे यंत्र सर्व राज्यभर लागू होणार असे वाचनात आले. मैत्रेयीची मैत्रीण कादंबरी कार्ल्सरूहे येथे राहते, ती मार्चमध्येच बाळंत व्हायची आहे. तिने फोन करून विचारले, नाव घालू का? आत्तापर्यंत मैत्रेयी प्रत्येकीला घाल म्हणत आली होती. या वेळी तिने आधी स्पृहाला कडेवर घेतले. मग म्हणाली, "घाल. पण मातृभाषा डॉइच लिही." आता मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या एकमेकींना हेच सांगत आहेत. ज्यांना दुकानात धड दही मागता येत नाही, त्याही बाळंतिणी कागदोपत्री जर्मन होणार आहेत. त्यांना दुभाषा मिळणार नाही, आणि आपल्या यंत्राच्या लेखी इथे मराठी बाळे जन्मायची थांबतील. मग आपली विषमता आणखी कमी दिसेल.

येथे खरे तर तेराव्या क्रमांकाचा परिच्छेद यायचा. त्याला क्रमांक देण्यास हात धजावला नाही.

प्रभा आता बाळाला घेत नाही. ती दुरून सगळे करते. कपडे वाळत घालते, दुपटी इस्त्री करते, पेज शिजवते आणि वाटी सुनेच्या हातात देते. स्पृहा आता रांगते. रांगत आजीपाशी येते, तिचा पदर धरते, तेव्हा ही भिंतीशी सरकते. घरात अजूनही पांढरे वरण आहे. फ्राऊ ब्रेंडले मध्यंतरी केक घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात बसून रडल्या. प्रभाने त्यांचे हात हातांत घेतले, चहा दिला. मग तिने सुनेकरवी त्यांना एकच गोष्ट विचारली, त्या दिवशी बाळाच्या अंगावर हळद होती का हो? बाईंनी खूप आठवून पाहिले. त्यांना हळद होती की नव्हती ते आठवले नाही. हिरवा दिवा मात्र आठवत होता.

तेव्हापासून प्रभा अर्जदाराला म्हणते, "अहो, राहिली असेल हो थोडी. काखेत, नाहीतर मांडीच्या घडीत. एवढ्या मोठ्या लोकांनी लिहिलंय ते काय उगीच?" कचेरीच्या माणसाच्या घरात चाळीस वर्षांवर नांदलेली बाई ती. कागदावर असेल ते खरे, ही तिची समजूत पक्की आहे. तिने स्वतः दोनदा धुतले, तिने स्वतः डोळे पिवळे पाहिले, तिने पहिल्यांदा सांगितले. त्या घरात त्या दिवशी खरे ओळखलेली ती एकटी होती. पण आपल्या कागदावर "हळद" आहे, आणि तिने तो कागद स्वतःच्या हातांपेक्षा खरा मानला आहे. आपले यंत्र चुकले असते तर अर्जदाराने ते नशिबावर घातले असते. आपल्या नोंदीने त्याच्या बायकोला गुन्हेगार ठरवले आहे, आणि तिने ते मान्य केले आहे, हे त्याला सहन होत नाही.

अर्ज मराठीत लिहिण्याचे कारण हेच. या प्रकरणात घरात आलेल्या आणि घरातून गेलेल्या कागदांपैकी निदान एका कागदावर, तिला वाचता येईल अशा अक्षरांत, हळद नव्हती असे लिहिलेले असावे. परंतु तेवढ्याने भागत नाही. हा अर्ज तिने वाचला आणि घडी घालून परत दिला. म्हणाली, तुम्ही माझ्याच बाजूनं लिहिणार. तुम्ही काय सरकार आहात?

सबब विनंती येणेप्रमाणे :

(अ) स्पृहाच्या सहाव्या दिवसाच्या नोंदीतून "हळद" काढून "कावीळ" असे लिहावे, आणि ज्यांत ती निरोगी म्हणून मोजली गेली त्या आकड्यांतून तिला काढून, जिथे ती खरोखर आहे तिथे मोजावे.

(ब) कादंबरीचे बाळ येण्यापूर्वी यंत्रात एक जागा करावी, जिथे सुईणीला "आज हळद नाही" असे लिहिता येईल व यंत्राला ते मानावे लागेल.

(क) वरील दोन्ही नियमात बसत नसल्यास त्या नाकारण्याचा अधिकार आपणांस आहे. ही तिसरी नाकारू नये. एका कागदावर एक ओळ मराठीत लिहावी आणि खाली जिवंत माणसाने पेनाने सही करावी. आपणांस मराठी येत नसल्यास त्रास पडू नये म्हणून ओळ येथे तयार करून दिली आहे. अक्षरे पाहून गिरवली तरी चालतील :

"त्या दिवशी बाळाच्या अंगावर हळद नव्हती. आजीने ती धुतली होती."

यामुळे आपल्या कार्यालयावर कोणतीही जबाबदारी येणार नाही, असे अर्जदार याद्वारे लिहून देत आहे. ती ओळ तो कोठेही पुरावा म्हणून दाखल करणार नाही. ती फक्त घरात एका व्यक्तीला दाखवायची आहे.

आपल्या सहीची वाट पाहणारा,

राजाराम यशवंत माहुलीकर
(सही)

वाल्डॉर्फ, दि. १९ जानेवारी २०२६

सोबत :
१) इस्पितळातून सोडल्याचा कागद, प्रत.
२) कर्णतपासणीचा अहवाल, प्रत.
३) या अर्जाचे जर्मन भाषांतर.
४) तिकीट लावलेले पाकीट, पत्ता सौ. प्रभा राजाराम माहुलीकर यांच्या नावे.
५) सटवाईच्या पाटावर ठेवलेला कागद, मूळ प्रत. प्रभाने तो ट्रंकेत जपून ठेवला होता, आज आपण होऊन काढून दिला. अजून कोराच आहे. ओळ कृपया त्यावर लिहावी.